हनुवटीखालचा उजेड

नानाजीभाऊंनी मॉनिटरकडे पाहिलं. मग खिशातून काढलेली खर्ऱ्याची पुडी तशीच परत खिशात ठेवली. काम पसंत पडलं की ते आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकतात, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं.

"हे राणी पाण्यातून नाई निघाली, बाई," ते म्हणाले. "कागदातून निघाली."

दामिनीने माउसवरचा हात काढला आणि ओढणीला पुसला.

ही २००५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. नागभीडच्या स्टेशनरोडवर प्रणितचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पुढे झेरॉक्स, मागे दोन कॉम्प्युटर, मध्ये एक पडदा. पडद्यामागचा उजवीकडचा कॉम्प्युटर दामिनीचा. चार वर्षांपासून ती तिथे बसत होती. बारावी झाल्यावर तिने कॉम्प्युटरचा सरकारी कोर्स केला, आणि कोर्सच्या शेवटच्या दिवशी प्रणितने विचारलं, टायपिंगला येशील का. ती दुसऱ्या दिवशी आठ किलोमीटर सायकल मारत आली.

घर चिचटोल्याला. चिचटोला म्हणजे एक मोठा मालगुजारी तलाव, जमीनदारांच्या काळी बांधलेला, आणि त्याच्या मातीच्या पाळीखाली चाळीसेक घरं. दामिनीचे वडील बाबुलाल मेश्राम ढिवर होते. तलावात जाळं टाकायचं, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत भाताच्या रोवणीला जायचं, उन्हाळ्यात मिळेल ते काम. आई मनकर्णा नागभीडच्या बाजारात मासोळी विकायची. बाबुलालच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. तरुणपणी शिंगी माशाचा काटा लागला, हात आठ दिवस सुजला, आणि बोट सरळ झालं ते कधीच नाही. दामिनी लहान असताना ते बोट धरून पाण्यात उतरली आणि तिथेच पोहायला शिकली.

दुकानात आधी अर्ज आणि लग्नपत्रिका आल्या. मग पासपोर्ट फोटो. मग एक असं काम आलं, जे कुणालाच नीट जमत नव्हतं. गेलेल्या माणसांना फोटोत बसवायचं. मुलाच्या लग्नाच्या फोटोत बाप हवा, आणि बाप तर दोन वर्षांमागे गेलेला. लोक बापाचा जुना फोटो घेऊन यायचे. दामिनी तो स्कॅन करायची, कापायची, नवरदेवाच्या बाजूला उभा करायची.

एकदा एका बाईने असा फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली की हे आमच्या मांडवात नाहीत, दुसऱ्याच घरी उभे आहेत. चेहरा तोच होता. कापलेली कडही दिसत नव्हती. दामिनीने तो फोटो परत उघडला. दुपारी तिला कळलं. मांडवातल्या सगळ्यांवर उजेड डावीकडून पडत होता आणि त्या माणसावर उजवीकडून. तिने त्याचा चेहरा आरशातल्यासारखा उलटा केला, नाकाची सावली दुसऱ्या गालावर आणली, पायाखाली जमिनीवर थोडा काळोख टाकला. ती बाई परत आली. फोटो पाहून तिने पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून दामिनी उजेडाकडे पाहू लागली. बसमध्ये समोरच्या बाईच्या कानाकडे पाहायची, कारण ऊन पडलं की कान लाल दिसतो. भात उपसताना वाफेमागे माय फिकी दिसते, हे तिला दिसायचं. कुणाला सांगायची नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

नानाजीभाऊंचं काम या सगळ्याहून मोठं होतं.

नानाजी बोरकर वडशाच्या एका नाटक कंपनीचे मालक. झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या या भागात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. गावोगावचे लोक वडशाला येतात, कंपन्यांच्या ऑफिसांपुढून फिरतात, बाहेर लावलेली पोस्टरं पाहतात आणि आपल्या गावचं नाटक ठरवतात. पोस्टरवर नटनट्यांचे गोल गोल चेहरे असतात. कुणाचा चेहरा किती मोठा, यावरून भांडणं होतात. त्या वर्षी नानाजीभाऊंनी तलावाच्या तळाशी राहणाऱ्या एका राणीचं नाटक घेतलं होतं. अडचण एकच होती. राणी कोण करणार ते ठरलं नव्हतं. दोन नट्यांशी बोलणी चालू होती, आणि दोघी आपापल्या जागी अडून बसल्या होत्या. तेव्हा चेहऱ्याशिवाय पोस्टर करायचं, किंवा चेहरा बनवायचा.

प्रणितने सांगून टाकलं की आमची दामिनी बनवेल.

हे दामिनीचं पहिलं चित्र, ज्यात कुणाचाच फोटो नव्हता. नाक तिचं, डोळे तिचे, मुकुट तिचा. माउसने चित्र काढणं म्हणजे साबणाच्या वडीने रांगोळी काढण्यासारखं. तरी तिने आठ दिवसांत राणी उभी केली. गोरी, लांब केसांची, मुकुटात एकवीस मणी, आणि प्रत्येक मण्यावर पांढरा ठिपका. मागे निळं पाणी, पुढे कमळं. राणीच्या मागे फोटोशॉपमधली तयार सावली.

आणि नानाजीभाऊ म्हणाले, कागदातून निघाली.

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रणितला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की पोरीची मेहनत दिसते, पण माझा हंगाम या कागदावर उभा आहे. नागपूरला एक जण आहे, तो करून देईल. दामिनीने पडद्यामागून ऐकलं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊ, मले गुरुवारपर्यंत वेळ द्या."

ते काम नागपूरला गेलं असतं तर पुढे काय, हे तिला नीट कळत होतं. वडशाच्या बाकी कंपन्या नानाजीभाऊंकडे पाहून चालत. एकदा पोस्टरं नागपूरला जाऊ लागली की परत येणार नव्हती. मग ती आणि लग्नपत्रिका. पुन्हा कुणी तिला कोरा पडदा देऊन म्हणणार नव्हतं की यात तुझ्या मनाने काढ.

तीन दिवस ती एकच गोष्ट आठवत बसली. आपण राणी कुठे पाहिली? उत्तर सोपं होतं. नाटकात. लहानपणापासून गावच्या मांडवात पहिल्या रांगेत जमिनीवर बसून तिने किती राण्या, राक्षस, देव पाहिले होते. स्टेजच्या पुढच्या काठाला बल्बची रांग असायची. पात्र पुढे आलं की उजेड खालून चढायचा. हनुवटी उजळ, नाकपुड्या उजळ, भुवयांच्या वर काळोख. तिच्या डोळ्यांना भव्य म्हणजे तेच. तिने राणीला खालून पेटवलं.

गुरुवारी नानाजीभाऊंनी पाहिलं. पुडी खिशातून निघालीच नाही.

"हे आता भूत होय, बाई. लेकरं रडतीन."

प्रणित हसला, मग दामिनीकडे पाहून झेरॉक्सकडे वळला. नानाजीभाऊंनी टोपी घातली. मंगळवारी मी नागपूरला जातोच आहे, ते म्हणाले. जाताना इथे उतरतो. तुझं झालं असेल तर तुझं नेतो. नाही तर तिथे सांगतो. एवढं बोलून ते वडशाच्या गाडीला गेले.

शुक्रवारी कान्होबा बसले.

आपल्याकडे जन्माष्टमीला घरोघरी मातीचा कान्होबा बसतो आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात जातो. चिचटोल्यात याची एक रीत आहे. मूर्ती कुणाच्याही घरची असो, पाण्यात ती ढिवराच्या हातूनच जाते. तलाव कुठे उतरता आहे, कुठे गाळ आहे, कुठे एकदम खड्डा, हे ढिवरालाच ठाऊक. लोक भजन म्हणत काठापर्यंत येतात आणि आपापला कान्होबा बाबुलालच्या हाती देतात. तो छातीभर पाण्यात जातो, तीनदा बुडवतो आणि सोडतो. आणखी एक नेम आहे. एकदा पाण्यात पाय पडला की देवाचं तोंड काठाकडे वळवायचं नाही. निघाला तो निघाला.

शनिवारी संध्याकाळी पाऊस थांबला होता. ढग फाटून ऊन तलावावर तिरपं आलं होतं. काठावर गावातले सगळे जमले. दामिनीही होती, पण तिचं मन मंगळवारात होतं. दोन दिवस ती घरी कुणाशी धड बोलली नव्हती.

पहिला मान घरच्या कान्होबाचा नसतो. आधी पाटलाचा, मग ओळीने बाकीचे. बाबुलाल जात होता, येत होता. शेवटी मनकर्णाने आपला कान्होबा त्याच्या हाती दिला. हातभर उंचीची मूर्ती. निळं अंग, पिवळं पितांबर, सोनेरी मुकुट. कुंभाराने मुकुटाला मणी लावले होते.

बाबुलाल पाण्यात उतरला. काठावरून देवाची फक्त पाठ दिसत होती. दामिनी सहज पाहत होती. पाण्यातल्या चार पावलांनंतर मूर्तीच्या खांद्यावर उजेडाची एक बारीक कड उमटली. केसासारखी. बाकी पाठ काळी नव्हती, करडी निळी होती. आणि उचललेल्या हाताच्या खालच्या बाजूला काहीतरी हलत होतं.

बाबुलाल छातीभर पाण्यात पोहोचला. त्याने पहिल्यांदा बुडवायला मूर्ती खाली घेतली.

"बाबा, थांबा."

भजन थांबलं नाही, पण पुढच्या बायकांनी मान वळवली. बाबुलालने मूर्ती वर धरली.

"त्याचं तोंड इकडं करा जरासं," दामिनी म्हणाली.

मनकर्णाने तिचा दंड पकडला. तिने दातांतल्या दातांत जे म्हटलं ते जवळच्या सगळ्यांनी ऐकलं. एवढी शिकली आणि देवाले परत बोलावते. काठावर कुजबुज झाली. कुणी म्हणालं, कॉम्प्युटरनं पोरीचं डोस्कं फिरलं. दामिनीला आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं. ती मान खाली घालणार होती.

बाबुलाल फारसा बोलणारा माणूस नव्हता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"देव नाई फिरत," तो म्हणाला. "तुले पाहायचं असंल तर तू ये इकडं."

चपला काठावर राहिल्या. दामिनी सलवार-कुडत्यासकट पाण्यात शिरली. ढिवराची पोर ती. बापाला वळसा घालून ती दहा हात पुढे पोहत गेली आणि फिरली. पाणी तिच्या ओठांशी होतं. डोळे पाण्याच्या वर चार बोटं.

तिथून तिने कान्होबा पाहिला.

आतापर्यंत तिने राणीला उभ्याने पाहिलं होतं. काठावरून, मांडवातून, खुर्चीतून. पाण्यातून वर येणाऱ्याला पाण्यातून पाहायला हवं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पाण्यातून पाहणं तर तिच्या घरचं काम होतं.

खालून पाहताना ती लहानशी मूर्ती डोंगराएवढी झाली होती. उजवीकडच्या गालावर ऊन होतं, पिवळं, आणि गालाच्या अर्ध्यावर संपणारं. डाव्या बाजूला सावली होती. ती काळी नव्हती. आभाळाची निळाई तिच्यात उतरली होती. मुकुटाच्या सगळ्या मण्यांपैकी तीनच चमकत होते. बाकीचे असून नसल्यासारखे. मागची पाळ, तिच्यावरची झाडं, माणसं, सगळी धुवट दिसत होती, जणू कुणी त्यांच्यावर पातळ दूध ओतलं होतं. म्हणून मूर्ती पुढे आली होती.

आणि हनुवटीखाली उजेड होता.

पहिल्या चित्रात तिने तिथे काळं भरलं होतं. दुसऱ्यात बल्ब लावला होता. इथे दोन्ही नव्हतं. वरचं ऊन पाण्यावर पडून परत वर येत होतं. अशक्त, हिरवट, आणि सारखं हलत. हनुवटीखाली, कोपराखाली, बासरीच्या खालच्या कडेला. थेट उजेडापुढे तो काहीच नव्हता. पण त्याच्यामुळेच कळत होतं की खाली पाणी आहे.

"काय पाहून राह्यली?" बाबुलालने विचारलं.

"उजेड."

"दिसला?"

"थोडा थांबा, बाबा."

तो थांबला. काठावर भजन संपलं. म्हाताऱ्या चैतूने, जो दरवर्षी भजन सांगतो, एकदा पाण्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि दुसरं भजन धरलं. टाळ परत वाजू लागले. बाबुलालचे हात ताठ वर होते. मूर्तीचं बूड पाण्याला लागून मऊ पडायला लागलं. निळा रंग त्याच्या मनगटावरून ओघळला. दामिनी डावीकडे सरकली, मग उजवीकडे. बाबुलालने हात थोडे खाली घेतले, मूर्ती कमरेपर्यंत पाण्यात गेली, आणि आता तिला ते हातही दिसले. पाण्याच्या आत. वर देव स्वच्छ, पाण्याशी एक काळी रेघ, आणि तिच्याखाली बापाचे पंजे, हिरवे, फिके, असावेत त्याहून मोठे. बोटांच्या कडा पाण्यात विरघळलेल्या. वाकडी करंगळी तेवढी ओळखू येत होती.

मूर्तीचा बासरीचा हात तुटून पाण्यात पडला.

"झालं?" बाबुलाल म्हणाला.

"झालं."

त्याने तीनदा बुडवली आणि सोडली.

घरी मनकर्णा दोन दिवस दामिनीशी बोलली नाही. ताट पुढे सरकवायची, बस. बाबुलालच्या खांद्याला उसण भरली होती. तो तेल लावून घेत होता.

रविवारी प्रणितने दुकान तिच्यासाठी उघडलं. त्या वर्षी लोडशेडिंग सहा-सहा तासांचं होतं. इन्व्हर्टरवर एक कॉम्प्युटर दोन तास चालायचा, पंखा लावला तर दीड. प्रणितने पंखा बंद केला आणि झेरॉक्सची पाटी आत घेतली. तो म्हणाला की राणीच्या हाती एक बल्ब देऊन टाक, सगळ्यांची सोय होईल. दामिनी हसली नाही. ती ऐकतच नव्हती.

तिने जुनी राणी पुसली नाही. जुन्यातले डोळे आणि कपाळ ठेवलं, कारण ते तिला आवडत होतं. पाहण्याची जागा खाली आणली. राणी वर गेली, मान मागे झाली, खांदे रुंद झाले. मग सावलीसाठी वेगळा थर, उन्हासाठी वेगळा, पाण्यावरून परत येणाऱ्या उजेडासाठी वेगळा. फोटोशॉपमध्ये असे थर एकावर एक ठेवता येतात, काचा ठेवाव्या तसे. एक बिघडला तर तेवढाच काढायचा. सावलीच्या थरात तिने काळा रंग घेतलाच नाही. निळा घेतला, त्यात थोडं हिरवं. ब्रश इतका पातळ केला की एका फटकाऱ्याने काही दिसायचं नाही. दहा-बारा वेळा फिरवल्यावर गाल वळायचा.

एकवीस मण्यांपैकी अठरांचे पांढरे ठिपके तिने काढून टाकले. हे सगळ्यात कठीण गेलं. त्या आठ दिवसांत एकेक ठिपका तिने मन लावून दिला होता.

मागची झाडं धुवट केली. पुढची कमळं गडद केली, दोनच ठेवली. पाण्याशी काळी रेघ. रेघेखाली राणीचं अंग हळूहळू पाण्याच्या रंगात गेलं. शेवटी ती हनुवटीखालच्या उजेडाकडे आली. हिरवट, अशक्त, तुटक तुटक पट्टे. ते दिल्यावर तिने हात थांबवला. पडद्यावरचं पाणी स्थिर होतं, पण आता हलतंय असं वाटत होतं.

सोमवारी दुपारी इन्व्हर्टर एकदम बसला. तिने वीस मिनिटांपूर्वी सेव्ह केलं होतं. वीस मिनिटांतले सगळे केस गेले. वीज आल्यावर तिने केस परत काढले, आणि दुसऱ्यांदा ते ओले निघाले.

मंगळवारी सकाळी नानाजीभाऊ आले. हातात नागपूरला जायची पिशवी होती. छोट्या लाइनची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी सुटायला पाऊण तास होता. त्यांनी खुर्ची ओढली नाही, उभ्यानेच पाहिलं. मग खुर्ची ओढली. चष्मा पुसला. नानाजीभाऊ तरुणपणी स्वतः नाटकात बायकांची कामं करायचे. लुगडं नेसून स्टेजवर उभं राहिलेला माणूस. ते बराच वेळ राणीच्या गळ्याकडे पाहत राहिले.

"इले थंडी वाजून राह्यली असंल," ते म्हणाले.

मग खिशातून पुडी काढली, सोडली आणि खर्रा तोंडात टाकला.

प्रणित पडद्याबाहेर गेला आणि तिथून त्याचं नाक शिंकरणं ऐकू आलं. दामिनी माउसवर हात ठेवून बसून होती. नानाजीभाऊंनी तोंडातला खर्रा एका गालात सारला आणि कामाचं विचारलं. खाली नावं टाकून झाली का? लेखक, संगीत, नेपथ्य, मंडप, सगळी होती. मांडववाल्याचं नाव पोस्टरवर असतं. पोस्टर करणाऱ्याचं कधी नसतं. नानाजीभाऊ म्हणाले, तुझंही टाक. काय लिहितात ते मला माहीत नाही, तूच ठरव.

तिने सगळ्यात शेवटी, मांडववाल्याच्या खाली, टाइप केलं. चित्र : दामिनी बाबुलाल मेश्राम, चिचटोला.

सीडी पिशवीत गेली आणि नानाजीभाऊ त्याच गाडीने गेले. नागपूरला त्या दिवशी त्यांनी फक्त छापखाना गाठला.

दसऱ्याला दहा फुटांचं फ्लेक्स वडशाला कंपनीच्या ऑफिसवर चढलं. दिवाळीनंतर बुकिंगला गर्दी झाली तेव्हा नानाजीभाऊंचा दुकानात फोन आला. ते हसत होते आणि वैतागलेलेही होते. एटापल्लीकडचे काही लोक आले होते. त्यांना नाटक पसंत होतं, तारीख पसंत होती. पण अट एक होती. पोस्टरवर जी बाई आहे तीच आली पाहिजे. एवढ्यात एक नटी पक्की झाली होती, चांगली नटी होती, पण ते तिचा फोटो पाहून मान हलवत होते. हिला नाही, तिला आणा. नानाजीभाऊंनी सांगितलं, अशी बाई नाहीच, ती कॉम्प्युटरवर काढली आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांना वाटलं, दुसऱ्या कंपनीने पळवली म्हणून भाऊ सांगत नाहीत.

"आता तूच सांग त्याइले," नानाजीभाऊ म्हणाले. "आणि येतच आहे तर मायबापाले घेऊन ये."

तिघं सकाळच्या गाडीने वडशाला गेले. मनकर्णा खिडकीशी बसली होती. कान्होबाच्या दिवसाचं तिने अजून पुरतं सोडलं नव्हतं. ब्रह्मपुरी गेल्यावर तिने विचारलं की त्या चित्रात देव नाही ना. दामिनी म्हणाली, नाही, राणी आहे. मनकर्णा म्हणाली, मग ठीक आहे.

ऑफिसपुढे पंचवीस-तीस माणसं उभी होती. वर राणी. सकाळचं ऊन फ्लेक्सवर उजवीकडून पडलं होतं, आणि चित्रातलं ऊनही उजवीकडूनच होतं. दामिनीने ते मुद्दाम केलं नव्हतं. पडद्यावर चौदा इंचांची असलेली राणी दहा फुटांवर फाटली नव्हती, विरली नव्हती. गळ्याखालचा हिरवा उजेड रस्त्यापलीकडून दिसत होता.

बाबुलाल पाहत राहिला. तो चेहऱ्याकडे फार वेळ पाहत नव्हता. पाण्याकडे पाहत होता, कुठे खोल आहे, कुठे उथळ, जाळं टाकण्याआधी पाहतात तसा.

"आपला तलाव होय," तो म्हणाला. "सांजचा."

बाजूला एटापल्लीकडचा एक माणूस उभा होता, पत्रू नावाचा. नानाजीभाऊंनी त्याला दामिनी दाखवली आणि म्हणाले की हिनेच काढली, विचार. पत्रूने दामिनीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हे एवढीशी पोरगी? मग वर पाहिलं, परत खाली. खरं आहे की थट्टा, हे त्याला ठरवता येईना.

मनकर्णा पुढे सरकली होती. ती फ्लेक्सच्या अगदी खाली जाऊन उभी राहिली. तिथे राणीचं अंग पाण्यात विरत होतं आणि लोकांची नजर तिथपर्यंत जात नव्हती. अगदी खाली, नावांच्या वर, हिरव्यात हिरवं काहीतरी होतं. दोन पंजे. राणीला खालून धरलेले. पाण्याने मोठे केलेले, कडा विरघळलेल्या. नानाजीभाऊंनी आजवर ते पाहिलेच नव्हते. छापणाऱ्यानेही नाही.

मनकर्णाने ते पाहिले. डाव्या पंजाची करंगळी वाकडी होती.

ती मागे वळली आणि सरळ पत्रूजवळ आली.

"माही पोरगी होय थे," ती म्हणाली. "तिनंच काढलं. आणि खाली हात हायेत न पाण्यात, थे पाहा. थे आमच्या घरचे होय. दाखवा गा, हात दाखवा त्याइले."

माणसं वळली. बाबुलालने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मनकर्णाने त्याचं डावं मनगट धरलं आणि उन्हात वर केलं.